तुझ्या लेकीची कविता

प्रिय दोस्ता,

तू पाठवलेला फोटो बघितला. २७ फेब्रुवारीला शाळेत म्हणायला कविता लिहायचीय आणि पोरीनं लिहिलंय ‘पाऊस आला छान, नाचू लागले रान’. अरे फेब्रुवारीत कसला पाऊस, आणि बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या पोरीनं रान बघितलंय कधी? हसू नकोस, तिची चूक नाहीये, आपणच पोरांना सांगून ठेवलंय की कविता म्हणजे पाऊस, फुलपाखरू, चांदोबा आणि शेवटी यमक.

मी इथे नाशकात दर रविवारी सोसायटीतल्या पाच-सहा पोरांना घेऊन बसतो, तुला बोललो होतो ना. आधी मीही विषय द्यायचो, ‘माझी आई’ वगैरे, आणि सगळ्यांच्या आया सेम निघायच्या, प्रेमळ आणि मायेचा सागर. मग एकदा वैतागून म्हटलं, आज सकाळी उठल्यापासून कानावर काय काय पडलं तेवढंच सांगा. तर एक चिमुरडी म्हणाली, कुकर. म्हटलं बरं, कुकरचं काय? तर म्हणे, ‘आजी बोटावर शिट्ट्या मोजते, तिसऱ्या शिट्टीला बाबा उठतात, भात आधी शिजतो, बाबा नंतर.’ मी तिथंच थांबवलं तिला, म्हटलं झाली की कविता! ती म्हणे, पण यमक कुठाय?

पण मी काय फार शहाणा नाही हां. जळगावकडचा एक पोरगा आहे, घरी लेवा बोली बोलतात, नववीत आहे, गप्प गप्प असतो. त्यानं वहीत लिहिलं होतं, ‘नयाले पानी आलं, हंडे जागे झाले.’ आणि मी माती खाल्ली रे, लाल पेन घेऊन ‘नळाला पाणी आले’ करून दिलं. वाचून बघ दोन्ही, माझ्या ओळीत पाणी आहे पण हंडे झोपलेलेच. पोरगा काही बोलला नाही, पुढचे दोन रविवार आलाच नाही.

तेव्हा मला बहिणाबाई आठवल्या. १८८० सालचा जन्म, जळगावजवळच्या असोद्याच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात राबता राबता नाहीतर जात्यावर बसून त्याच लेवा बोलीत ओव्या रचायच्या, विषय काय तर घरातली चूल, शेत, विहीर, सुगरणीचा खोपा. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, तरी आईच्या ओळी घरात टिपून ठेवल्या त्या तिच्या बोलीतच. पुस्तक आलं १९५२ ला, त्या गेल्यावर. समजा त्या टिपताना कुणी ‘मानूस’चं ‘माणूस’ करत बसलं असतं तर? मला वाटतं आपलं काम एवढंच, पोरं बोलतात ते जसंच्या तसं लिहून घ्यायचं आणि पेन खिशात ठेवायचं.

तर तू आता असं कर, लेकीला कविता लिही म्हणूच नकोस. तिच्याबरोबर लिफ्टनं खाली जा, वॉचमनचा रेडिओ, टँकरचा पाईप, भंगारवाल्याची आरोळी, जे दिसेल त्याबद्दल विचार की हे कशासारखं वाटतं, काय करतंय, आणि ती सांगेल ते मोबाईलवर रेकॉर्ड कर. मधे बोलू नकोस, तुला ती सवय आहे लहानपणापासून. तिला कंटाळा आला तर सोडून दे, भेळ खाऊन परत या. आणि यमक जुळवायला तू बसू नकोस प्लीज, कॉलेजातल्या तुझ्या चारोळ्या मी अजून विसरलेलो नाही.

तो पोरगा गेल्या रविवारी आला परत. मी त्याच्या घरी जाऊन सॉरी म्हणालो होतो, त्याच्या आईला काही कळेना सर कशाला माफी मागताहेत. आला आणि वही उघडलीच नाही त्यानं, म्हणाला मी बोलतो, तुम्ही लिहा. चार ओळी झाल्या, हंड्यांच्याच. त्याला विचारून तुला पाठवतो.

वहिनींना सांग, पापड पोचले.

तुझाच,
नाशिककर

ता. क. रेकॉर्डिंग पाठव. तू टाईप केलेलं नको, तू सुधारशील.