ग्रीन कार्डाची दोन वर्षे

महोदय,
अमेरिकी नागरिकाशी लग्न करून तिथेच राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज करताना आय-१३० (नागरिक जोडीदाराने नाते दाखवण्यासाठी भरायचा अर्ज) आणि आय-४८५ (ग्रीन कार्डाचा आपला अर्ज) सहसा एकत्र भरता येतात. मात्र ॲडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हाती येण्याआधी भारतात येऊन गेलात, तर आय-४८५ सोडून दिला असे धरतात (एच-१, एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांना सूट आहे). कार्ड मिळताना लग्नाला दोन वर्षे झाली नसतील तर ते दोनच वर्षांचे असते. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ (कार्डावरची दोन वर्षांची अट काढण्याचा अर्ज) भरायचा. घोळ होतो तो इथेच, एकत्र संसाराचे पुरावे जोडताना. आपला खास गोंधळ मधल्या नावाचा: पासपोर्टवर वडिलांचे, संयुक्त खात्यावर नवऱ्याचे. विवाह प्रमाणपत्र मराठीत असेल तर शिक्क्यांवरच्या मजकुरासकट इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या सहीनिशी जोडावे.

– एक वाचक