सोनीस पत्र: बॉलला भोकं पाडण्याआधी

वाळूज, छत्रपती संभाजीनगर

चि. सोनीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बोलिंगच्या बॉलला स्वतः भोकं पाडायला बेंच ड्रिल घेतल्याचं काल तू सांगितलंस आणि तेवढ्यात आईनं फोन ओढून घेतला, म्हणून माझं बोलणं राहिलं. बरंच झालं. फोनवर माझा आवाज चढला असता.

दुकानातून पाडून आणलेल्या भोकानं तुझा अंगठा सोलू लागला, हे मला पटतं. अंगठ्याच्या कडेपासून बोटांच्या कडेपर्यंतचं अंतर उलुसं जरी चुकलं, तरी बॉल आवळून धरावा लागतो. त्यात भोकाची कड नीट गोल केलेली नसली, की ती दर फेकीला कातडी खाते. तुझ्या हाताचं माप तुझ्याइतकं कोण घेणार? पिच म्हणजे भोकाचा कल; भोक नेमकं केंद्राकडे गेलं तर झिरो पिच, तळव्याकडे झुकलं तर फॉरवर्ड, उलटं झुकलं तर रिव्हर्स, हे तू मला समजावून सांगितलंस. आपली पोरगी इंचाच्या आठव्या भागात पिच धरते, हे मी आज शेडमध्ये प्रत्येकाला सांगितलं. चहावाल्यालासुद्धा.

पण सोने, ज्याला भोक पाडायचं तो जॉब, म्हणजे बॉल, गोल आहे. 14 पौंड, म्हणजे सव्वासहा किलोच्या वर. व्यास साडेआठ इंच आणि वरून चोपडं रेझिन. साध्या व्हाइसचे, म्हणजे जॉब आवळून धरायच्या शिकंज्याचे, जबडे त्याला दोनच ठिकाणी टेकतात. अंगठ्याला इंचाच्या आसपासचं बिट लागणार. ते आत अडकलं की आख्खा बॉल बिटाबरोबर फिरायला बघतो, आणि अशा वेळी माणसाचा हात आपोआप पुढं जातो. विचार करायला वेळच मिळत नाही. म्हणून म्हणतो, हातानं धरून एकही भोक पाडायचं नाही.

आणि हातमोजे घालायचे नाहीत. नानाच्या हातात सुतीच मोजा होता. धागा बिटात गुंतला, एवढंच झालं. पुढचं तुला माहीत आहे.

नानानंच तुला व्हर्नियर वाचायला शिकवलं होतं. दिवाळीत आज्जी शंकरपाळ्या लाटायची आणि तू परातीजवळ बसून एकेकीची जाडी मोजायचीस. जाड निघाली की परत लाटायला लावायचीस. आज्जी वैतागायची. नाना म्हणायचा, ही पोरगी इन्स्पेक्शनला जाणार. तू आयटीआयला जाते म्हणालीस तेव्हा घरात किती बोलणं झालं, ते आता उकरत नाही. मी तेव्हाही तुझ्या बाजूनं होतो, मोठ्यानं बोललो नाही इतकंच.

बरं, कामाचं. अंगठ्याचं भोक एकदम मोठ्या बिटानं घेऊ नको. आधी लहान, मग मोठं, आणि मधे मधे बिट वर काढून बुरा साफ करायचा. रेझिन तापलं की बिटाला चिकटतं. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा. खिडकीत उभं राहून भागत नाही, तो बुरा बारीक असतो. आणि केस. केस वर बांधून टोपीखाली. ओढणी घालून मशीनपाशी जायचंच नाही.

मी परत शिकवायला लागलो. तू मशीनवर काम केलेली पोरगी आहेस, राग मानू नको.

वजन साधायला आधी चौथं भोक पाडायचे, ते अमेरिकेच्या बोलिंग काँग्रेसनं 1 ऑगस्ट 2020 पासून बंद केलं, हे तूच सांगितलंस. म्हणजे आतला गाभा कुठं आहे ते बघूनच खुणा करायच्या, नंतर सावरायला जागा नाही. तरी भोक चुकलंच, तर रेझिन ओतून बुजवता येतं आणि पूर्ण वाळलं की पुन्हा पाडता येतं. बॉलचं निभून जातं. तू बांधलेला बॉल निसटला आणि शेजारी कुणी नसलं तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही. काल रात्री दोनदा उठून बसलो. आई म्हणाली, पाणी प्या आणि झोपा.

त्या लेनवर तुला खेळताना पाहिलं तेव्हा मी काही बोललो नव्हतो. 60 फूट लांब लेन, बॉल गटारीच्या कडेनं जातो आणि शेवटी आत वळतो. मला वाटलं गेला, आणि दहाही पिन पडल्या. तू मागं वळून बघितलंस ते आम्हालाच. मी चष्मा पुसत होतो.

आता ऐक. बॉल बसेल अशी जाड कडी मी लेथवर टर्न करतो. वरून दुसरी कडी, चार बोल्टांनी आवळायची. खालची पट्टी पिचसाठी तिरकी करता येईल अशी ठेवतो. तुझ्या ड्रिलच्या टेबलाची लांबी-रुंदी, टेबलातल्या खाचांचं, म्हणजे टी-स्लॉटचं माप आणि बिट धरणाऱ्या चकपासून टेबलापर्यंतची उंची पाठव. बॉल खाली बसून वर बिट मावलं पाहिजे, नाहीतर मशीनच बदलावी लागेल. तसं असेल तर पैशाचं मला सांग, नवऱ्याला सांगत बसू नको.

पहिला बॉल इथं येऊन कर. जुना, प्लास्टिकचा आण. मी नुसता उभा राहीन, मधे बोलणार नाही. पोळ्याला सुट्टी मिळाली तर बघ, नाहीतर मीच रात्रीच्या गाडीनं कडी घेऊन येतो. तोवर मशीनचा प्लगसुद्धा लावू नको.

तुझे पप्पा