मॅचचा रिप्ले, म्हणजे रेकॉर्डिंग, न बघता दिलेल्या शिक्षेबद्दल

प्रति,
प्लेयर सपोर्टचे प्रमुख, आणि त्यांच्या वर जे कोणी बसत असतील ते

विषय: तुमच्या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये माझ्यावर लावलेला चॅट बॅन, त्याच मॅचमधल्या दुसऱ्या मुलाला लावलेली लीव्हर पेनल्टी म्हणजे मॅच अर्धवट सोडल्याची शिक्षा, आणि आजचा फोन

आत्ताच तुमच्या माणसाशी बोलणं संपलं आणि डोकं शांत व्हायची वाट न बघता लिहायला बसलेय, कारण शांत झाल्यावर माणूस जाऊ दे म्हणतो आणि तुमचा सगळा कारभार त्या जाऊ दे वरच चाललाय असं मला आता पक्कं वाटायला लागलंय. तिकीट नंबर, म्हणजे तक्रारीचा नंबर, विषयात टाकलेला नाही कारण मेल ज्या अकाउंटवरून येतोय त्यावर सगळी तिकिटं दिसतात. बघायची असतील तर दिसतील.

मॅच रँक्डची, म्हणजे जिच्या हारजितीवर खेळाडूचा क्रमांक ठरतो. पाच जणांची टीम, त्यातले तिघं आपसात पार्टी करून, म्हणजे ठरवून एकत्र आलेले, चौथी मी सोलो म्हणजे एकटी, पाचवा एक मुलगा, तोही सोलो आणि रँक्डमध्ये अगदी नवीन. तो मुलगा बोलताना अडखळतो. तरी माइक चालू ठेवून कॉलआउट देत होता, म्हणजे समोरची टीम कुठे आहे ते सांगत होता, कारण तुमच्या गेममध्ये कॉलआउट दिल्याशिवाय जिंकता येत नाही हे त्याला माहीत होतं. दुसऱ्याच राउंडला त्याने सांगितलं की बी साइटवर, म्हणजे नकाशातल्या बी नावाच्या जागी, समोरच्या टीमचे दोघं आहेत. सांगायला वेळ लागला पण सांगितलं बरोबर, आणि तो राउंड आम्ही त्या कॉलमुळेच जिंकलो. रिप्लेमध्ये आहे, बघा.

त्यानंतर त्या तिघांनी त्याची नक्कल सुरू केली. तो बोलायला लागला की तिघं मिळून तसंच अडखळून बोलायचे आणि हसायचे. त्याने माइक बंद केला आणि टाइप करायला लागला तर हे टेक्स्टमध्ये एकेक अक्षर चार चारदा लिहून त्याची नक्कल करायला लागले. मग तो नुसते पिंग, म्हणजे न बोलता स्क्रीनवर दाखवायच्या खुणा, द्यायला लागला तर यांनी त्याच्या अंगावर पिंगचा मारा केला, त्याला स्क्रीनवर दुसरं काही दिसू नये असा. मग स्पॉनच्या, म्हणजे राउंड जिथून सुरू होतो त्या जागेच्या, दारात एक जण आडवा उभा राहिला म्हणजे त्याला बाहेरच पडता येईना, आणि बाकीचे दोघं मागून गोळ्या मारत होते, कारण फ्रेंडली फायर तुम्ही चालू ठेवलंय आणि आपल्याच माणसाला मारल्याचं मारणाऱ्याला काहीच होत नाही.

मी बोलले. काय बोलले ते पण सांगते, म्हणजे तुमच्या सिस्टीमला माझं कोणतं वाक्य अपमानास्पद वाटलं ते तुम्ही मला उलट कळवाल. मी म्हटलं, "बास करा आता, त्याचा कॉल बरोबर होता, त्याला खेळू द्या." एवढंच, दोन तीनदा. बाईचा आवाज ऐकल्यावर मला काय काय ऐकवलं गेलं ते इथे लिहीत नाही, तेही रेकॉर्डमध्ये आहे, आणि तुमच्याच अटींमध्ये लिहिलंय की रिपोर्ट झाला तर व्हॉइस तपासता येतो.

तो मुलगा शेवटी मॅच सोडून गेला. त्याला लीव्हर पेनल्टी लागली, पॉइंट कापले, रँक्ड बंद झालं. आणि मी मॅच संपवली, त्या तिघांना रिपोर्ट केलं, आणि पुढच्या लॉगिनला मलाच नोटीस, अपमानास्पद संवाद, व्हॉइस बंद, टेक्स्ट बंद, रँक्ड बंद, कारण "अनेक खेळाडूंकडून तक्रारी". अनेक म्हणजे तेच तीन, एका पार्टीतले, एकाच खोलीत बसल्यासारखे एकमेकांशी बोलत असलेले, ज्यांनी मला रिपोर्ट करायचं मॅचमध्येच मोठ्याने ठरवलं. हे पण रिप्लेमध्ये आहे. ते तिघं आजही खेळतायत, नाव शोधलं तर ऑनलाइन दिसतात. वर्गात ज्या पोराला मार पडला त्यालाच बाहेर उभं करायचं आणि जो मध्ये पडला त्याचं नाव फळ्यावर लिहायचं, असा न्याय झाला हा.

आता फोनबद्दल. तिकिटांना तेच ते छापील उत्तर येत होतं, तुमचा अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे वगैरे, म्हणून मी कॉलबॅक मागितला. फोन आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधे मधे "हो मॅडम, हो मॅडम" चाललेलं. संपल्यावर तो म्हणाला, "मॅडम, मग तुम्ही त्यांना म्यूट का नाही केलं?"

मी म्हटलं, म्यूट केलं तर आवाज जाईल, दारात उभा राहिलेला माणूस कसा जाईल? मागून लागणारी गोळी कशी म्यूट करू? आणि मी म्यूट केलं तर मला ऐकू येणं बंद होईल, त्या मुलाला जे ऐकवलं जात होतं ते कसं बंद होणार होतं?

तो म्हणाला, "नाही, पण म्यूटचा ऑप्शन गेममध्ये दिलेला आहे."

मी विचारलं, रिप्ले बघितला का? तो म्हणाला, रिप्लेचा ॲक्सेस आमच्या टीमला नसतो. मग कोणाला असतो? ते दुसरी टीम बघते. मग त्या टीमने बघितला का? थोडा वेळ काहीच नाही, कीबोर्डचा आवाज, मग म्हणाला, "निर्णय सिस्टीमने घेतलेला आहे." म्हणजे माणसाने कोणीच बघितलेला नाही ना? "मॅडम, सिस्टीम सगळं तपासूनच निर्णय घेते." सिस्टीमने काय तपासलं ते सांगा. "ती माहिती आम्ही देऊ शकत नाही." बरं, त्या तिघांवर काही कारवाई? "दुसऱ्या खेळाडूंची माहिती प्रायव्हसीमुळे देता येत नाही." ठीक आहे, नावं नकोत, माझा रिपोर्ट कोणी वाचला का एवढं सांगा. "नोंद घेतलेली आहे." नोंद म्हणजे काय, कोणी वाचलं? "नोंद घेतलेली आहे, मॅडम."

मी म्हटलं माझं राहू दे, त्या मुलाची पेनल्टी काढा, तो छळामुळे गेलाय. तर म्हणे त्याने स्वतः तिकीट टाकायला हवं. अरे, जो पोरगा बोलायला गेला की हसतात म्हणून गप्प बसला त्याला तुम्ही म्हणताय की ये आणि आम्हाला समजावून सांग.

आणि मग, माझा आवाज चढला असेल, चढलाच होता, तो मला म्हणाला, "मॅडम, एवढा त्रास होत असेल तर थोडे दिवस ब्रेक घ्या. शेवटी गेमच आहे."

शेवटी गेमच आहे. हे गेम बनवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणतोय. सीझन पास विकताना गेमच आहे असं म्हणता का हो तुम्ही? टूर्नामेंट भरवता, लाखो लोक बघतात, तेव्हा म्हणता का? लागलेला शब्द गेममधला असला तरी ऐकणारा माणूस असतो, आणि तो मुलगा माणूस आहे, मी माणूस आहे. त्यानंतर त्याने मला विचारलं की अजून काही मदत करू शकतो का, आणि फोन ठेवल्या ठेवल्या मेसेज आला की आजच्या सेवेला किती स्टार द्याल. मला त्या फोनवरच्या माणसाचा राग नाही फारसा, त्याच्यासमोर जे लिहून ठेवलंय ते तो वाचतो. राग ज्यांनी ते लिहून दिलं त्यांचा आहे.

आणि हे जमत नाही असं मला सांगू नका. व्हॉल्व कंपनीने काउंटर स्ट्राइक ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये २०१३ सालीच ओव्हरवॉच म्हणून सोय केली होती, त्यात अनुभवी खेळाडू संशयित मॅचचा रिप्ले बघायचे, समोरच्याचं नाव लपवलेलं, आणि मग ठरवायचे. रिप्ले बघून. रायट कंपनीने तर त्याच्याही आधी, २०११ मध्ये, लीग ऑफ लेजेंड्समध्ये ट्रिब्युनल आणलं, तिथे खेळाडूच चॅट वाचून मत द्यायचे. ते पुढे बंद झालं, त्यात अडचणी होत्या, मान्य, पण केस माणसाने वाचायची असते हे त्यांना तेव्हाच पटलेलं. रेनबो सिक्स सीजमध्ये युबीसॉफ्टने २०१९ मध्ये रिव्हर्स फ्रेंडली फायर आणलं, आपल्याच माणसाला मुद्दाम मारत राहिलं की पुढचं डॅमेज मारणाऱ्यालाच लागतं. हे एक जरी तुमच्याकडे असतं तर मागून गोळ्या मारणारे ते दोघं स्वतःच मेले असते. डोटा टूमध्ये बेताल वागणाऱ्यांना लो प्रायॉरिटीच्या वेगळ्या रांगेत टाकतात, बसा एकमेकांसोबत. आणि एपेक्स लेजेंड्सचं पिंग २०१९ मध्ये आलं तेव्हा केवढं कौतुक झालं, कारण माइक नसला, भाषा येत नसली, बोलता येत नसलं तरी माणूस टीममध्ये पूर्ण खेळू शकतो. तुम्ही पिंग घेतलं, पण कोणी त्याचा मारा केला तर दोन तीन पिंगनंतर थांबवायचं एवढं साधं बंधन नाही घातलं. ज्या सोयीने तो मुलगा खेळू शकला असता तीच त्याच्यावर वापरली गेली.

चीटर पकडायला तुम्ही आमच्या कम्प्युटरच्या पार आतपर्यंत, विंडोजच्या कर्नलपर्यंत सॉफ्टवेअर घुसवता आणि आम्ही परवानगी देतो, कारण खेळ खरा असावा असं आम्हालाही वाटतं. माझ्या मशीनमध्ये एवढं आत बघता येतं आणि तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवरचा रिप्ले बघता येत नाही? एमबॉट, म्हणजे आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर, लावणारा बॅन होतो आणि त्याची मोठी घोषणा होते. दारात उभा राहून चाळीस मिनिटं एका मुलाला रडवणारा बॅन होत नाही. फेअर प्ले म्हणजे फक्त सॉफ्टवेअर न वापरणं का?

मी काही सगळ्यांनी गोड बोलावं असं म्हणत नाहीये. रागाच्या भरात माणूस ओरडतो, हरल्यावर आदळआपट करतो, समोरची टीम इझी म्हणून डिवचते, ते मला चालतं, मी स्वतः जिंकल्यावर ओरडते. चिडवणं वेगळं आणि एकाला पकडून छळणं वेगळं, हा फरक कळायला माणूस लागतो. चांगलं खेळणारे कसे वागतात ते तुमच्याच सर्व्हरवर रोज दिसतं, कोणाकडे गेममधले पैसे नसले तर आपली चांगली गन टाकून देतात, एकटा उरलेला हरला तर एनटी, म्हणजे नाइस ट्राय, लिहितात, बारा शून्यने मागे असतानाही शेवटपर्यंत खेळतात, समोरच्याचं नेट गेलं तर पॉज द्यायला हो म्हणतात. हे कोणी सांगितलेलं नसतं त्यांना. आणि त्या मुलाने नंतर मला मेसेज केला, त्यात काय होतं माहितीये? सॉरी, माझ्यामुळे तुमची मॅच हरली. सॉरी तो म्हणतोय. रँक्ड त्याने सोडलं, परत येणार नाही म्हणाला. असा खेळाडू घालवून तुम्ही ते तिघं ठेवलेत.

बीटापासून, म्हणजे गेम चाचणीत होता तेव्हापासून खेळतेय मी. कितीतरी लोकांना हा गेम मी लावला, माझा सगळा ग्रुप माझ्यामुळे आला. अकाउंट काढताना नियमांखाली टिक करायला लावता, लोडिंग स्क्रीनवर टीममेट्सचा आदर करा म्हणून टिप येते, मी ते खरं धरून चालले होते. म्हणून मी मॅचमध्ये बोलले. दुसरं कोणी बोललं नाही, मी बोलले आणि त्याची शिक्षा मला झाली, आता पुढच्या वेळी माझ्यासारखी कोण तोंड उघडेल ते सांगा.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. तो रिप्ले एका माणसाने व्हॉइससकट पूर्ण बघावा. माझा बॅन आणि त्या मुलाची पेनल्टी दोन्ही काढावी, त्याला तिकीट टाकायला न लावता, मॅच एकच आहे. एका पार्टीतून आलेले रिपोर्ट एकच धरावेत, तीन जणांनी ठरवून बटण दाबलं की चौथ्याचं तोंड बंद, हे आजच्या आज थांबवता येण्यासारखं आहे. छळ झालेल्या मॅचमधून जो निघाला त्याला लीव्हर धरू नये, किमान रिपोर्ट तपासून होईपर्यंत तरी. आणि सपोर्टच्या लोकांच्या कागदावरून ते "शेवटी गेमच आहे" काढून टाका.

आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर सीझन पासचे पैसे परत मागणार आहे, मॅचची क्लिप माझ्याकडे आहे ती त्या मुलाचं नाव झाकून आणि त्याला विचारून सगळीकडे टाकणार आहे, आणि माझा ग्रुप दुसऱ्या गेमवर जाणार आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय. परत ते छापील उत्तर पाठवू नका. रिप्ले बघा, ज्याने बघितला त्याने स्वतः लिहा, त्यात कितव्या मिनिटाला काय दिसलं ते लिहा, म्हणजे मला कळेल की खरंच बघितला.

उत्तराची वाट बघतेय,
तुमची बीटापासूनची खेळाडू