शनिवारी फोन का लागत नाही

प्रिय आई-बाबा,

मी मजेत आहे. तब्येत छान आहे, जेवण वेळेवर होतंय, जाड जॅकेट घेतलंय, आणि ऑफिसचं तुम्हाला सगळं माहितीच आहे म्हणून ते परत लिहीत नाही. मुद्दाम मोठं पत्र लिहायला घेतलंय कारण मागे फोनवर आई म्हणाली की शनिवारी तुझा फोन लागत नाही आणि रविवारी बघावं तर हातात कुठल्यातरी नाव न ऐकलेल्या क्लबची जर्सी, आणि मग बाबांनी हळूच विचारलं की पगार त्यातच जातो का. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, फोन ठेवल्यावर वाईट वाटत राहिलं, म्हणून आता सगळं सांगते.

आधी शनिवारचं. इथे शेफील्डला फुटबॉलची मॅच दुपारी तीनला सुरू होते, म्हणजे हिवाळ्यात तुमचे रात्रीचे साडेआठ, नेमकी तुमची फोनची वेळ. ही तीनची वेळ इकडे फार जपतात, शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच इंग्लंडमध्ये टीव्हीवर फुटबॉल लाइव्ह दाखवत नाहीत, कारण सगळे घरी बसून मोठ्या क्लबची मॅच बघायला लागले तर गावच्या छोट्या क्लबला तिकीट काढून कोण जाणार? मला हे फार आवडतं. म्हणून मीपण तीन वाजता तिकीट काढून उभी असते, आणि गोल झाला की आवाज एवढा असतो की फोन वाजलेला कळत नाही. मॅच संपल्यावर करते तेव्हा तुम्ही झोपलेले असता. आता ठरवलंय की शनिवारी सकाळी निघायच्या आधीच फोन करेन, नक्की.

आता जर्सी. मोठ्या क्लबच्या जर्सी लाखोंनी छापतात, जगात कुठेही मिळतात, त्यात मला रस नाही. छोट्या क्लबचं वेगळं असतं. ते कंपनीच्या कॅटलॉगमधलं तयार डिझाइन घेतात आणि त्यावर आपला बॅज आणि गावातल्या एखाद्या खाटकाचं नाहीतर प्लंबरचं नाव छापून घेतात, ऑर्डर एवढी छोटी असते की सीझन संपला, स्पॉन्सर बदलला की ती जर्सी परत छापलीच जात नाही. दुकान म्हणजे गेटजवळचा एखादा कंटेनर, मॅचच्या आधी थोडा वेळ उघडतो, आत बहुतेक रिटायर झालेली माणसं, पगाराशिवाय काम करतात. मी गेले की आधी विचारतात कुठून आलीस, मग खोक्यातून साइझ शोधून देतात, कधी मागच्या सीझनची एकच उरलेली असते तीपण काढून दाखवतात. मी ऑनलाइन मागवतच नाही. ज्या ग्राउंडवर मॅच बघितली तिथलीच जर्सी घ्यायची असं ठरवलंय, म्हणून प्रत्येकीबरोबर ते गाव आणि ती माणसं मला आठवतात.

आणि हे शहरच तसं आहे ना. इथून ट्रेनने थोड्या वेळात ड्रॉनफील्ड लागतं, तिथे शेफील्ड एफसी खेळतो, 1857 सालचा, जगातला सगळ्यात जुना फुटबॉल क्लब, जर्सी लाल-काळी. आणि शहराच्या दुसऱ्या बाजूला हॅलम, निळी जर्सी, त्यांच्या सँडीगेटच्या ग्राउंडवर 1860 मध्ये याच दोन क्लबची मॅच झाली आणि ते अजून वापरात आहे, एका बाजूला चांगलाच उतार आहे त्याला. एवढा जुना इतिहास आणि मॅचला गेलं की कोणीही शेजारी येऊन गप्पा मारतं.

दादाला केटरिंगची गोष्ट नक्की वाचून दाखवा. जानेवारी 1976 मध्ये केटरिंग टाउन ही टीम छातीवर "केटरिंग टायर्स" असं गावातल्या कंपनीचं नाव लिहून मैदानात उतरली, ब्रिटनमध्ये आधी कोणत्याच क्लबने असं केलं नव्हतं. फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या मुख्य संस्थेने, सांगितलं काढा. तर यांनी टायर्समधलं पहिलं टी अक्षर ठेवलं, बाकीची काढली, आणि म्हणाले की हे टी म्हणजे टाउन! शेवटी दंडाची धमकी आली तेव्हा तेपण काढावं लागलं, पण पुढच्याच वर्षी असोसिएशनने जर्सीवर जाहिरातीला परवानगी दिली. आज जिकडे तिकडे जर्सीवर कंपन्यांची नावं दिसतात, आणि ब्रिटनमध्ये त्याची सुरुवात एवढ्याशा गावच्या क्लबने केली. माझ्याकडे त्यांची हल्लीची लाल जर्सी आहे.

बाबा, तुम्हाला सॉक्रेटिस आठवत असेल, ब्राझीलचा दाढीवाला कॅप्टन. लंडनच्या कडेला टॉलवर्थ म्हणून भाग आहे, तिथे कोरिंथियन-कॅज्युअल्स हा हौशी क्लब आहे, खेळाडूंना पगार नाही. त्यांचा आधीचा कोरिंथियन क्लब 1910 मध्ये ब्राझीलला खेळायला गेला, तो खेळ बघून साओ पावलोच्या कामगारांनी आपल्या नव्या क्लबला तेच नाव दिलं, तोच आजचा बलाढ्य कोरिंथियन्स. 1988 मध्ये कॅज्युअल्स तिकडे गेले तेव्हा सॉक्रेटिस थोडा वेळ त्यांची चॉकलेटी-गुलाबी जर्सी घालून खेळला. ती जर्सी मी तुमच्यासाठी घेतलीये, माझ्यासाठी नाही.

बाबांची चेंगराचेंगरीची काळजी मला कळते. हिल्सबरो स्टेडियम याच शहरात आहे, 1989 च्या मॅचमधल्या गर्दीत 97 माणसं गेली, इथे त्याबद्दल अजून कोणी हलक्या आवाजाशिवाय बोलत नाही. पण मी जाते तिथे बहुतेक वेळा काही शेकडाच माणसं असतात, सगळ्या मैदानाभोवती मोकळं फिरता येतं, म्हाताऱ्या बायका असतात, लहान मुलं असतात, कुत्रीपण असतात. एकटी जाते हे खरं आहे पण तिथे एकटी राहत नाही. आणि लांबची मॅच असेल तर परतीची ट्रेन आधी बघून ठेवते, उशीर होणार असेल तर जातच नाही.

एक गोष्ट मात्र मला खूप दिवस कळलीच नव्हती, ती सांगते. हाफ टाइमची शिट्टी झाली की एका गोलपोस्टमागे उभे असलेले सगळे लोक आपले झेंडे सोडवतात, चहाचे कप उचलतात आणि चालत चालत मैदानाला अर्धा वळसा घालून समोरच्या गोलमागे जाऊन उभे राहतात. मला आधी वाटलं मॅच संपली की काय. मग एका काकांनी समजावलं की बघ, आपली टीम पहिल्या हाफमध्ये ज्या गोलवर हल्ला करते त्याच्यामागे आपण उभं राहायचं, म्हणजे गोल आपल्यासमोर होतो आणि समोरच्या गोलकीपरला आपला आवाज ऐकू येतो. दुसऱ्या हाफमध्ये टीम बाजू बदलतात, मग आपणपण बदलायची. आणि पाहुण्या टीमचे लोक नेमके उलटे निघालेले असतात, म्हणजे वाटेत दोन्हीकडचे एकमेकांसमोर येतात, आणि तिथे भांडण होईल असं वाटतं पण एकमेकांना वाट देतात, कोणी टोमणा मारतो, कोणी स्कोअरवर बोलतो आणि पुढे जातात. कधी टॉस जिंकणारा कॅप्टन सुरुवातीलाच बाजू बदलून घेतो, मग अख्खी गर्दी मॅच सुरू व्हायच्या आधीच उठून पलीकडे निघते, त्यात चहाची रांग मोडते आणि सगळे त्या कॅप्टनवर चिडतात. मोठ्या स्टेडियममध्ये हे शक्यच नाही, तिथे सीट ठरलेली आणि दोन्हीकडचे लोक वेगळे ठेवलेले. मीपण आता न सांगता उठून चालायला लागते.

आई, वापरलेल्या कपड्यांचं तुझं म्हणणं लक्षात आहे. बऱ्याचशा नव्याच असतात. खेळाडूने घातलेली असली तर आधी उलटी करून थंड पाण्यात धुते, छापलेल्या नावावर इस्त्री फिरवत नाही नाहीतर ते चिकटून निघतं, आणि सावलीत वाळवते. बेडेल क्लबची जर्सी बघून तू म्हणालीस हे काय सॉसेजचं चित्र, तर त्या जर्सीचा स्पॉन्सर खरंच सॉसेज बनवतो, आणि जर्सी विकून प्रोस्टेट कॅन्सरच्या संस्थेला पैसे दिले त्यांनी.

खर्चाचं खरं खरं सांगते. प्रीमियर लीगच्या मोठ्या क्लबची नवी जर्सी 80 पाउंडांच्या घरात जाते, मी घेते त्या तेवढ्याच्या आसपासही नसतात, आणि मागच्या सीझनची तर वीसच्या आत मिळते. मी बाहेर जेवत नाही, कपडे घेत नाही. घरचे पैसे आधी बाजूला काढते, मग उरलेल्यात हे. एकदाही उलटं केलेलं नाही. पैसे परवाच पाठवलेत, दादाच्या हप्त्याचे आणि बाबांच्या औषधांचे वेगळे आहेत, बँकेत आले का बघा.

बाबा, तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी मी कुठेच गेले नव्हते, मॅच होती तरी घरीच बसले होते. व्हिडिओवर डोळ्याची पट्टी दिसली आणि तुम्ही म्हणालात मला काही त्रास नाही, पण आवाज दमलेला होता. सगळी धावपळ दादा-वहिनीने केली आणि मी नुसती विचारत बसले. वहिनीला सांगा मी तिला वेगळा मेसेज करणार आहे, थँक्यू एवढंच लिहून भागणार नाही.

आत्याने पाठवलेल्या स्थळाचं. फोटो बघितला, माहिती वाचली, माणूस बरा वाटतोय. मी नाही म्हणत नाहीये आई, दरवेळी मी टाळते असं तू आत्याला सांगू नकोस. बोलायला तयार आहे, रविवारी सकाळी बोलेन, पण त्याला आधीच सांगा की मी शनिवारी मॅचला जाते आणि लग्नानंतरही जाईन, जर्सीचं कपाट बरोबर येईल. त्याला हे चालणार नसेल तर आत्ताच कळलेलं बरं, उगाच दोन्ही घरांना ताटकळत ठेवायला नको. आणि पुढच्या वर्षीपर्यंत तारखेची घाई करू नका, व्हिसाचं रिन्यूअल मध्ये येतंय.

दुसऱ्या डोळ्याला मी येतेय. ऑफिसमध्ये रजेचं बोलून ठेवलंय, हो म्हणालेत. डॉक्टरांनी तारीख दिली की आधी मला कळवा, दादा बघेल म्हणून परस्पर ठरवू नका, तारीख आल्याशिवाय तिकीट काढता येत नाही आणि उशीर झाला की भाडं दुप्पट होतं.

तुमची,
मनू