‘ळ कुठे धरायचा?’ असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण ‘नावबिव नको हं काका’ असं तुम्ही बजावून ठेवलंय. पण आभार मानायचे ते चारचौघांत, हे माझं आधीच ठरलं होतं. आमच्या गिरगावच्या पुस्तकाच्या शेवटी तुम्ही केलेली सूची, म्हणजे कोणतं नाव कोणत्या पानावर त्याची यादी, काल पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली आणि भरून आलं. सूची वाचून कुणाला भरून येतं का, असं घरच्यांनी विचारलं. त्यांना आधीची कथा ठाऊक नाही.

पुस्तकाच्या मांडणीसाठी आणि सूचीसाठी तुमच्याआधी दोघेजण झाले. पहिल्या गृहस्थांनी पानांचे आकडे हाताने टाइप करून दिले. मग एक फोटो वाढला, मजकूर पुढे सरकला आणि त्यापुढचे सगळे आकडे चुकले. ‘आता पानं हलवू नका’ हा त्यांचा उपाय! दुसरे जास्त हुशार. पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर (ज्याची शेवटची आवृत्ती २००१ सालची) ठेवणीतला जुना फॉन्ट लावून त्यांनी सूची ‘ऑटोमॅटिक’ काढली. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते. त्यामुळे संगणकाच्या लेखी गिरगाव, चिराबाजार आणि विल्सन कॉलेज ही सगळी वेलांटीनेच सुरू होणारी नावं, म्हणून एका गठ्ठ्यात. नकाशावर ती शेजारी-शेजारी आहेत हे खरं, पण सूचीत ग, च आणि व गेले कुठे? ‘सॉफ्टवेअरच तसं करतं, आणि सूची बघतो कोण?’ असं उत्तर मिळालं. ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागितली तर ‘ती आम्ही देत नाही’. पैसे मात्र आगाऊ घेतलेले.

तुम्ही मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या सर्वमान्य अक्षरसंचात आणलात, इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये पानं नव्याने लावलीत, नावानावाशी सूचीच्या न दिसणाऱ्या खुणा घातल्यात. त्यातले कष्ट तुमचे तुम्हालाच माहीत. मला सांगायचंय ते एका रात्रीच्या फोनबद्दल.

‘काका, ळ कुठे धरायचा? लच्या पाठोपाठ की हच्या नंतर?’

युनिकोडच्या तक्त्यात ळ बसलाय लच्या पाठोपाठ, वच्या आधी. आपल्या मुळाक्षरांत तो हच्या नंतर, क्ष-ज्ञच्या अलीकडे. काळबादेवी आधी की कावसजी पटेल तलाव आधी, हे त्यावर ठरतं. एवढासा फरक, तुम्ही न विचारता काहीही केलं असतं तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं, कदाचित माझ्याही नाही. मी म्हटलं, शाळेत शिकलो तसा धरा, हच्या नंतर. ‘बरं,’ म्हणालात आणि ळ असलेल्या नोंदी हुडकून त्यांच्या क्रमवारीचा रकाना एकेक करून भरलात. फोन ठेवता ठेवता आणखी एक शंका काढलीत: ‘आणि सी. पी. टँक म्हणून शोधणाऱ्याचं काय?’ खरंच, गिरगावात कावसजी पटेल तलाव म्हणतो कोण! आता तिथे ‘सी. पी. टँक : पाहा कावसजी पटेल तलाव’ अशी ओळ आहे. नाना शंकरशेट शोधणाराही ‘शंकरशेट, जगन्नाथ’पाशी बरोबर पोचतो.

इतक्या खेपा घातल्या, पण तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे सांगायचेच.

छपाईला जायच्या तोंडावर केशवजी नाईकांच्या चाळीतल्या १८९३च्या गणेशोत्सवाचा मजकूर वाढला, तेव्हा मी चाचरतच फोन केला होता. तुम्ही सूची पुन्हा काढलीत, जुनीच्या जागी नवी आली, आकडे चोख. आवाजात कुरकुर नाही.

पेन ड्राइव्हमध्ये ओपन फाइल होती, तीही न मागता. शिवाय लायब्ररी, म्हणजे पानावर पुन्हापुन्हा लागणाऱ्या गोष्टींचा साठा. प्रकरणाच्या सुरुवातीची नक्षी, फोटो आणि फोटोओळीची चौकट, वाडीच्या माहितीचा चौकोन असं सगळं एकदा करून ठेवलेलं. हवं तेव्हा पानावर ओढून घ्यायचं. माझ्या भाचीने ती उघडली तर प्रत्येक वस्तूच्या वर्णनात मराठीत टिपण. ‘फोटोओळ दोन ओळींची झाली तर चौकट खाली वाढवा.’ ‘नक्षी फक्त उजव्या पानावर.’ लायब्ररीतली वस्तू बदलली म्हणून आधी पानावर ठेवलेल्या आपोआप बदलत नाहीत, हेही लिहिलेलं. पुढची आवृत्ती कोण करेल देव जाणे, पण त्या अनोळखी माणसाची सोय तुम्ही आत्ताच करून ठेवलीत. ‘हल्ली कोण कुणासाठी करतं?’ हे माझं पेटंट वाक्य आहे. ते निदान काही महिने तरी बाजूला ठेवावं लागणार.

पुस्तकात मात्र ‘मांडणी आणि सूची’पुढे तुमचं नाव छापतोय. तिथे तुमचं ऐकणार नाही, रागावलात तरी चालेल.

आणि हो, तुमच्या बिलात सूचीच्या कामाचा आकडाच नाही. तो घालून बिल परत पाठवा, त्याशिवाय आमचे खजिनदार चेकवर सही करणार नाहीत. मी त्यांना तसं सांगूनच ठेवलंय.