उजवा रकाना

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दोनदा वाचलं, मग हिला वाचायला दिलं. नोकरी गेल्यापासून रोज पहाटे तीनला तुला टक्क जाग येते आणि मग उजाडेपर्यंत तू हिशेब करत पडतोस. शेवटी तू विचारलंयस, "सगळे म्हणतात देवावर सोड. सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं?"

यावर लिहायला बसलो आणि तीन कागद फाडले. प्रत्येक वेळी प्रवचन होत होतं. म्हणून आता फक्त माझं काय झालं ते सांगतो.

हिच्या आजारपणाचं तुला ठाऊक आहेच. पण बायोप्सी झाल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचे नऊ दिवस मी कसे काढले, ते कुणालाच सांगितलेलं नाही. तुझ्यासारखीच माझी वेळही तीनचीच. पहाटेच्या सुमारास शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, आपसूकच वाढायला लागतं, हे पुढे कळलं. तेव्हा वाटायचं की आपल्या मनालाच कीड लागलीय. ही शेजारी झोपलेली असायची आणि मी तिचे श्वास मोजायचो. ती कूस वळली की मोजणी चुकायची, मी पुन्हा एकपासून सुरू करायचो. जणू मी मोजायचं थांबवलं तर तिचा श्वासही थांबेल!

देवाचं नाव तेव्हाही घेत होतो. पण खरं सांगू? तो निव्वळ व्यवहार होता. रिपोर्ट चांगला येऊ दे, मग मी अमुक सोडेन, तमुक करेन. सहाव्या रात्री हात जोडून बसलो असताना माझं मलाच जाणवलं की मी अटी घालतोय. आणि ज्याच्यावर विश्वास नाही, त्यालाच माणूस अटी घालतो. त्या रात्री काही मागायचं सुचेना. नुसताच बसून राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, बराच वेळ येत राहिलं. "मला भीती वाटतेय" एवढंच तोंडातून निघालं. मला वाटतं, माझी पहिली खरी प्रार्थना तीच.

काळज्यांवरचा एक छोटा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. अतिचिंतेचा विकार असलेल्या २९ माणसांनी आपल्या काळज्या लिहून ठेवल्या आणि पुढे काय घडलं ते पडताळून पाहिलं. ९१ टक्क्यांहून जास्त काळज्या खऱ्या ठरल्याच नाहीत. ऐकायला बरं वाटतं ना? आमची मात्र उरलेल्या नऊ टक्क्यांत निघाली. रिपोर्ट वाईट आला.

म्हणून "होईल रे सगळं चांगलं" असं कुणी म्हटलं की मला आजही राग येतो. श्रद्धा म्हणजे चांगल्याची हमी असेल, तर ती माझी त्या दिवशीच संपायला हवी होती. संपली नाही. त्याचं कारण मला गीतेतल्या अर्जुनात सापडलं. पहिल्या अध्यायात त्याचं काय होतं आठव: हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, अंग थरथरतं, हातातून धनुष्य निसटतं. तुझ्या-माझ्या पहाटे तीनचं याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही. आणि "शोक करू नकोस" हे शेवटचं आश्वासन त्याला मिळतं थेट अठराव्या अध्यायात, त्याचे सगळे प्रश्न ऐकून घेतल्यावर. त्यानंतरही युद्ध काही टळत नाही. पुढे तेराव्या दिवशी त्याचा पोटचा मुलगा, अभिमन्यू, मारला जातो. म्हणजे ज्याला ते आश्वासन दिलं, त्याचं काही वाईट होणार नाही असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्याच्या हातात धनुष्य परत आलं, इतकंच. मला तेवढं पुरलं.

आता तुझ्या "नक्की काय करायचं" वर येतो. काळजीला दिवसातला ठरलेला अर्धा तास द्यायचा आणि एरवी ती आली की "तेव्हा ये" म्हणायचं, ही मानसोपचारातली जुनी युक्ती आहे. मी संध्याकाळचा अर्धा तास धरला. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे माझं काम, उजवीकडे देवाचं. विम्याचे कागद, रक्तदाते शोधणं, दुसऱ्या डॉक्टरांचं मत हे सगळं डावीकडे. औषध लागू पडेल का, आजार परत उलटेल का, हे उजवीकडे. वही मिटताना म्हणायचं, उजवा रकाना तुझा.

हसशील, पण सुरुवातीला मी रात्री उठून वही उघडायचो आणि उजवीकडचं एखादं डावीकडे ओढून आणायचो. दिलेलं परत मागायचो. सोडणं एकदाच होत नाही रे, रोज करावं लागतं. कधीकधी दिवसातून चारदा.

कृतज्ञतेच्या गोष्टी रोज लिहून काढायचं तर मला मुळीच पटत नव्हतं. आजारी बायको शेजारी असताना कसले आभार मानायचे? पहिल्या दिवशी लिहिलं: आरोग्य, कुटुंब, डोक्यावर छप्पर. फॉर्म भरावा तसं. त्यातलं आरोग्य खोडलं. मग दुसऱ्या केमोच्या वेळी हिची शीर सापडेना. सुई घेऊन आलेल्या मुलीने सुई बाजूला ठेवली, हिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला आणि काही न बोलता चांगली तीन-चार मिनिटं चोळत राहिली. शीर वर आली. त्या रात्री मी पानभर लिहिलं, फक्त त्या तळव्यांबद्दल. तेव्हा कळलं की मोठ्या गोष्टींचे आभार मानताना आपण खोटे पडतो, नजर बारीक झाली की आपसूक खरे होतो. आणि खरं सांगतो, ते पान लिहीत असताना काळजीला बसायला जागाच नव्हती.

तू मात्र श्रद्धेच्या नावाखाली झोपेचा प्रश्न अंगावर काढू नकोस. चार महिने झोप नाही म्हणजे डॉक्टरांकडे जायलाच हवं. ते डावीकडचं काम. वहिनींना उरलेल्या पैशांचा खरा आकडा सांगणं, तेही डावीकडचंच. तू तो अजून सांगितलेला नाहीस, हे तुझ्या पत्रावरून दिसतंय.

ही आता बरी आहे. तपासण्या चालू आहेत, प्रत्येक तपासणीच्या आदल्या रात्री मला अजूनही जाग येते. पण श्वास मोजत नाही. पाणी पितो आणि पडून राहतो.

काल तुझं नाव वहीत लिहिलं, उजव्या रकान्यात. हिने पाहिलं आणि पेन काढून घेतलं. म्हणाली, "मित्र डावीकडे लिहायचा. तिकीट काढा." काढलंय. शनिवारी सकाळी पोचतो. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, झोप लागली असेल तर झोपून राहा. मी वहिनींकडून दार उघडून घेईन.

तुझा,
मी