‘आम्ही’ म्हणजे कोण कोण?

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला, हे मी विचारणार नाही. दादा म्हणतो तिकडे नायजेरियात, कानोला, नेटवर्कचं असंच आहे. असेल. तू म्हणालीस, “आम्ही गुरुवारी काडुनाला जातोय, गाडीने.” मी एवढंच विचारलं, की आम्ही म्हणजे कोण कोण? यात चिडण्यासारखं काय होतं? पण जाऊ दे. काडुनाचा विषय मी या पत्रात काढणार नाही.

रात्री बाराला तुझा मेसेज आला. “आई, इथल्या हौसा भाषेची सर्वनामं डोक्यात शिरत नाहीत. मी सगळ्यांना ‘का’ म्हणते आणि लसीच्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून हसतात. तू कशी शिकलीस?” तीनदा वाचला. माहेरी माझं नि आईचं वाजलं, की ती काही न बोलता माझ्या भातावर जास्तीचं तूप सोडायची. तुझा मेसेज मला तसाच वाटला. फोनवर सांगायला लागले तर मी घसरेन, म्हणून कागदावर लिहितेय. दादा फोटो काढून पाठवेल. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, सांभाळून घे.

बायका हसतात कारण तू त्यांना पुरुष करून टाकतेस. पुरुषाला तू म्हणायचं तर ‘काय’, आपल्या ‘काय’च्याच शेजारचा उच्चार. बाईला ‘के’. मी म्हणजे ‘नी’, तो म्हणजे ‘शी’, ती म्हणजे ‘इता’. मग मू, कू, सू : आम्ही, तुम्ही, ते. नवीन नवीन असताना बाबा म्हणायचे, ही भाषा आहे की कुणी नाक मुरडतंय? पुरुषाकडे बोट दाखवायचं आणि ‘शी’ म्हणायचं!

त्यांचं स्वतःचं काय झालं ते तुला कधी सांगितलं नाही वाटतं. आमच्या बंगलीवर पहारेकरी होता, सहा फुटाच्या वर, पांढरी दाढी. बाबांनी पहिल्याच आठवड्यात ऐटीत त्याला हाक मारली, “के! झो!” तो बिचारा वळून मागे बघायला लागला, कोण बाई आली म्हणून. पहारेकऱ्याला तिकडे मायगादी म्हणतात आणि घरच्या मालकाला, म्हणजे नवऱ्यालाही, मायगिदा. बाबा पुढे सहा वर्षं म्हणत राहिले, इथे नवरा नि राखणदार यांच्यात काना-वेलांटीचाच फरक आहे.

आता नीट ऐक, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यात माझं वर्ष गेलं. मराठीत आपण सगळा भार क्रियापदावर टाकतो. आलास, आलीस, येतेस, येशील. ‘तू’ मात्र ढिम्म, जागचा हलत नाही. हौसात उलटं. येणं म्हणजे ‘झो’. ते बहुतेक ठिकाणी जसंच्या तसं राहतं आणि बदलतं ते सर्वनाम. काळ त्याच्याच अंगात येतो. बाईशी बोलताना ‘किन झो’ म्हणजे आलीस. ‘झाकी झो’ म्हणजे येशील. ‘किकान झो’, येत असतेस. नुसतं ‘की झो’ म्हणजे ये, यावंस. चालू काळात तेवढं झोचं झुवा होतं, ‘किना झुवा’, येते आहेस. आणि कधी, काय, कुठे असा शब्द घालून झालेल्या गोष्टीबद्दल विचारलं, की किनचं किका होतं. ‘याउशे किका झो?’ कधी आलीस? पुरुष समोर असेल तर का, काना, झाका. म्हणजे तुझं ‘का’ चूक नाही, फक्त तुझ्या रांगेत पुरुष नाहीत.

नकाराला ते दोन्ही बाजूंनी कडी घालतात. ‘बान झो बा’, मी आले नाही. गंमत म्हणजे यातल्या ‘मी’ला लिंग नाही. मी गेलो आणि मी गेले हा आपला फरक तिथे नाही, बाईपुरुष सगळे ‘ना तफी’. पण दारावर थाप मारली आणि आतून कोण म्हणून विचारलं, की पुरुष म्हणतो ‘नी ने’ आणि बाई म्हणते ‘नी चे’. मग कळतं. तू फोनवर “आई, मी गं” म्हणतेस तसं. रविवारी तेही म्हणाली नव्हतीस.

असो. शिकवताना मास्तरीण बोलते, वाईट वाटून घेऊ नकोस.

मी १९७८ साली कानोला गेले तेव्हा पंचवीस वर्षांची होते. दोन वर्षांपूर्वीच तिकडच्या सरकारनं सगळ्या मुलांना प्राथमिक शिक्षणाची योजना काढली होती, तेलाचा पैसा होता आणि शिक्षक नव्हते. आपल्याकडून पुष्कळजण गेले. मला मुलींच्या शाळेत गणित मिळालं. मुली मालमा म्हणायच्या, म्हणजे बाई. हिंदी सिनेमे कानोत तेव्हाही तुफान चालायचे, त्यामुळे पहिला महिनाभर वर्गाला अशी आशा होती की मी केव्हातरी फळा सोडून गाणं म्हणेन. मी त्यांना समीकरणं शिकवली आणि त्यांनी मला सर्वनामं. एक तर तोंडावर म्हणाली होती, मालमा, तुमचा एक्स पण सारखा बदलतो, मग आमच्यावर का चिडता?

वस्तूचं लिंग मालकीच्या शब्दाला लागतं, माझा-माझी सारखंच, तिथे तुला अडचण यायची नाही. गिदा म्हणजे घर, ते पुल्लिंगी, म्हणून ‘गिदाना’, माझं घर. मोता म्हणजे मोटार, स्त्रीलिंगी, म्हणून ‘मोताता’. हान्या, म्हणजे रस्ता, तोही स्त्रीलिंगी. ‘हान्याता’, माझी वाट. हान्या आला म्हणून आठवलं, अबुजा ते काडुना जाणारी आगगाडीसुद्धा २०२२ च्या मार्चमध्ये बंदूकवाल्यांनी अडवली होती ना? आगगाडी! रुळांवरून जाणारी! आणि तू मला सांगतेस गाडीने. तू जातेस तो रस्ता वेगळा, कानोकडून खाली झारियावरून येणारा, हे मला माहीत आहे. त्या रस्त्याची वळणं मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत.

बघ, आलंच. माफ कर. खोडलं असतं, पण फोटोत खाडाखोड आणखी ठळक दिसते.

शेजारच्या हाज्जियाबद्दल लिहिते, म्हणजे मन दुसरीकडे जाईल. मी तिच्याकडे संध्याकाळी बसायची. ती ‘मासा’ नावाचा पदार्थ करायची, तांदळाचा, अगदी आपल्या आप्प्यांसारखा, खळग्यांच्या भांड्यात. मी तिला पहिल्यांदा बाबांबद्दल काही सांगायला गेले आणि ‘शी’ जिभेवर अडलं. आपण नवऱ्याला ‘ते’ म्हणणारी माणसं. एकट्या माणसाला मान म्हणून अनेकवचन द्यायचं हे माझ्या कानांना इतकं सवयीचं, की ‘शी’ म्हणजे अरेतुरे वाटलं. तिला काही कळेना. तिथे, निदान माझ्या कानांवर तरी, नवऱ्यालाही शी आणि गवंड्यालाही शी. मान वेगळ्या खिशात ठेवलेला असतो : गुरुजींना मालम, हजला जाऊन आलेल्याला अल्हाजी, आलेलीला हाज्जिया. मोठ्या माणसाला म्हणतात ‘रांका या दादे’, तुझं आयुष्य लांबो. बाईला ‘रांकी’. यातला शेवटचा द घोट गिळल्यासारखा म्हणायचा, तोंडातल्या तोंडात दबका. ऑफिसात मोठं कुणी भेटलं तर लक्षात ठेव, माणसं एकदम विरघळतात.

पण नवऱ्याचं नाव तीही घेत नव्हती! मायगिदा, नाहीतर नुसतं शी. आणि थोरल्या मुलाला तर नावानं हाकच मारायची नाही, या रीतीला कुन्या म्हणतात, म्हणजे लाज, आपल्या संकोचासारखं. मी तिला आमच्याकडच्या उखाण्याचं सांगितलं, की नाव घ्यायचं पण कोड्यात दडवून. तिनं हट्ट धरला म्हणून म्हणूनही दाखवला. तिला शब्द एक कळला नाही, पण शेवटी नाव आल्यावर ती इतकी लाजली, की जणू तिनंच घेतलं होतं.

१९८० च्या डिसेंबरात कानोत मैतात्सिने नावाच्या धर्मोपदेशकाच्या लोकांची दंगल पेटली ती तू वाचली असशील. आम्ही तटाबाहेर राहायचो, जुन्या शहराच्या बाजूला धूर दिसायचा. दादा पोटात होता. बाबा कामाला काडुनाला गेलेले आणि त्याच दिवशी रस्त्याने परत यायचे होते. फोन नव्हता. हाज्जिया संध्याकाळी शेंगांची परात घेऊन आली आणि माझ्याजवळ चटईवर बसली. ती शेंगा सोलायची आणि मधून मधून म्हणायची, “झाई झो.” येईल तो. आठ वाजले, झाई झो. नऊ वाजले, झाई झो. मी विचारलं, “इदान बाई झो बा फा?” आणि नाही आला तर? वर्षभर माझा नकार चुकायचा, त्या रात्री दोन्ही कड्या बरोबर लागल्या. तिनं माझ्या हातावर चापट मारली. “की यी शिरू.” गप्प बस, बाई.

साडेदहाला गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. वस्तीतली पोरं काठ्या घेऊन पहाऱ्याला होती, परकं कुणी दिसलं की अडवायची. हाज्जिया उठली, डोक्यावरचं सारखं केलं आणि फाटकाशी जाऊन ओरडली, “नामू ने!” आणि मग माझ्याकडे वळून, “या झो.”

झाई झोचं या झो झालं. झो तेच, एवढंसं सर्वनाम बदललं. अजूनही कुणी मला हौसाचं व्याकरण विचारलं तर मला शेंगांची टरफलं दिसतात.

‘नामू ने’चा अर्थ मी पुढे कितीतरी दिवस घोळवत होते. आमचा आहे, की आपला आहे? आपल्याकडे दोन शब्द आहेत, ऐकणाऱ्याला आत घ्यायचं तर आपण आणि बाहेर ठेवायचं तर आम्ही. तिच्याकडे एकच, मू. त्या पोरांना ती काय सांगत होती, ‘आमचा’ की ‘आपला’? बाबा म्हणाले, तुला काय करायचंय, मी घरी आलो ना? त्यांना असले प्रश्न कधीच पडले नाहीत. म्हणून रविवारी मी विचारलं गं, आम्ही म्हणजे कोण. हौसात ‘मू’ म्हणाली असतीस तर मला आपली जागा धरून ठेवता आली असती. मराठीत तू मला स्वच्छ बाहेर काढलंस.

नाही, हे जरा जास्तच झालं. तुझी माणसं आहेत, तुझं काम आहे. २०२० साली आफ्रिकेतून मूळचा, ‘वाइल्ड’ पोलिओ गेल्याचं जाहीर झालं, त्यात शेवटपर्यंत अडून राहिलेला देश नायजेरिया, आणि त्या कानोत आता माझी मुलगी लसींच्या थंड पेट्या सांभाळते, हे मी सोसायटीत इतक्यांदा सांगितलंय की खालच्या मजल्यावरची निवृत्त मंडळी मला बघून लिफ्टचं दार लावतात.

अजून एक सर्वनाम राहिलं, ते तुझ्या पुस्तकात शेवटी असेल : आन. कुणी केलं ते सांगायचं नसतं तेव्हाचं, आपल्या ‘म्हणे’च्या जवळचं. ‘आना रुवा’, पाऊस पडतोय. ‘आन चे’, असं म्हणतात. बीबीसीची हौसा सेवा १९५७ पासून आहे, मी सकाळी चहाबरोबर फोनवर लावते, अर्ध्याहून जास्त कळतं अजून. बातमी बऱ्याचदा आनने सुरू होते. ‘आन यी गर्कुवा दा…’ ओलीस धरलं, अमक्याला. कुणी धरलं ते नाही, नुसतं आन. इतकं चेहरा नसलेलं सर्वनाम दुसरं नसेल. ते ऐकलं की चहा तसाच राहतो. तू म्हणशील, रेडिओ बंद कर. दादाही तेच म्हणतो.

सुराचं सांगायचं राहिलंच. लिहिताना सारखे दिसणारे शब्द बोलताना वेगळे असतात. प्रवासाला निघणाऱ्याला तिथे म्हणतात, ‘अल्ला या कियाये हान्या.’ यातला ‘या’ आखूड आणि खालच्या सुरात म्हटला तर, देव वाट राखो. तोच लांबवून वरच्या सुरात म्हटला तर, देवाने वाट राखली. कागदावर दोन्ही एकच. म्हणून तू मला मेसेज लिहू नकोस, बोलून पाठव. माझे कान आता फारसे चांगले नाहीत, पण एवढा फरक कळतो.

गुरुवारी सकाळी मी इथून खालच्या सुरातला ‘या’ म्हणेन. संध्याकाळी पोचलीस की ‘ना इसा’ म्हण, पोचले, एवढंच, मग वाटेल तर फोन ठेव.

आणि सुट्टीचं ठरव. याउशे झाकी झो?

तुझी,
आई

ता. क. आप्पेपात्र राहिलं म्हणून हळहळतेस, अगं, बाजारात मासाचं भांडं माग, त्यात आप्पे उत्तम होतात. आणि ‘आम्ही’त कोण कोण ते नको सांगूस. गाडीचा नंबर तेवढा दादाला पाठवून ठेव. मी त्याला विचारणार नाही.